विहिरीच्या तळाशी वरवंटा

चाळिशी ओलांडलेल्या बाईला अक्कल असते असं लोक धरून चालतात. मला त्या वर्षी त्रेचाळिसावं लागलं होतं आणि माझी अक्कल कुठं होती ते सांगते. ती आमच्या विहिरीच्या तळाशी होती, सासूबाईंच्या वरवंट्याशेजारी.

माझं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. भावांच्या मागं लागून मी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकले होते. लग्न होऊन कुरुंदवाडकडच्या शेतकऱ्याच्या घरात आले तरी पोहणं सोडलं नाही. दुपारची भांडी आवरली की आम्ही चार-पाच जणी जुन्या लुगड्याचा काष्टा मारून मळ्यातल्या विहिरीत उतरायचो. दिवसातला तो एक तास माझा. बाकीचा दिवस घराचा. पण पोहणं वेगळं आणि तळापर्यंत बुडी मारणं वेगळं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

नव्वद सालच्या पुढची चार-पाच वर्षं झाली असतील. मे महिना. मोटार चालू केली की नुसती घरघर, पाणी येईना. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी जाळीची झडप असते, आमच्याकडं तिला फुटबॉल म्हणतात, त्यात पाला आणि शेवाळ अडकलं होतं. हे काम गावातल्या एका म्हाताऱ्याचं. गावातल्या सगळ्या विहिरींत तोच बुडी मारायचा. पण तो शाहूवाडीकडं लेकीच्या घरी गेलेला, चार दिवस येणार नव्हता. विहिरीवर आमचे हे आणि सासूबाई तोंड पाडून उभे.

"मी काढतो की," मी माहेरच्या कोल्हापुरी बोलीत म्हटलं.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "घागर उचलताना धापा टाकतीस, आणि तळाला जातीस?"

झालं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा मी थाटात डोक्याकडून सूर मारला. आमच्याकडं विहिरीचं पाणी परस या मापानं मोजतात, माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. त्या दिवशी तीन परस पाणी होतं. एक परस खाली गेले असेन नसेन, तोच कानात कुणी दाभण घालावं तशी कळ आली. तशीच वर आले. "पाणी लई गढूळ हाय, काय दिसंना," असं ठोकून दिलं.

मग पायरीवर बसून मी डोकं चालवलं. कान दुखतो, कारण आपण हळू जातो. झटक्यात गेलं तर दुखायला वेळच मिळणार नाही. झटक्यात जायचं तर वजन पाहिजे. आणि पाण्याचा त्रास नको म्हणून कान बंद पाहिजेत. आजही हे लिहिताना तेव्हाच्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, कान धरावासा वाटतो, पण तो तिनं स्वतःच निकालात काढला.

घरी जाऊन लसूण टाकून तेल कडवलं. ते निवल्यावर त्यात कापसाचे बोळे भिजवून दोन्ही कानांत कोंबले, वरून रुमाल आवळला. सासूबाईंचा मागच्या खोलीत डोळा लागलेला बघून पाट्यावरचा वरवंटा उचलला. दोन दिवस सर्दीनं नाक चोंदलं होतं, त्याकडं लक्ष द्यायला मला सवड नव्हती. वरवंटा पोटाशी धरला आणि उडी टाकली.

खाली मात्र झटक्यात गेले, यात वाद नाही. डाव्या-उजव्या दोन्ही कानांत कळ उठली, मग उजव्यात फट् झालं. थंड पाणी थेट डोक्यात शिरल्यासारखं वाटलं आणि विहीर गरागरा फिरायला लागली. वर कुठलं, खाली कुठलं कळेना. वरवंटा सुटला. हाताला पाइप लागला म्हणून वाचले, तो धरून धरून वर आले. पायरीवर पडले तेव्हा उजव्या बोळ्याला रक्त लागलेलं होतं.

तोवर जाग्या झालेल्या सासूबाई धावत आल्या होत्या. वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं, जिवंत आहे एवढी खात्री केली आणि विचारलं, "वरवंटा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बॅटरी लावून बघितलं.

"तेल कुणी घातलं?"

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

"पडद्याला भोक पडलंय," डॉक्टर म्हणाले. "कानात पाणी, तेल, काडी, काही जाऊ द्यायचं नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. बहुतेक आपोआप बुजेल. नाही बुजलं तर पोहणं विसरा."

परतताना एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. ह्यांनी दोनदा विचारलं, दुखतंय का. दुखत नव्हतं. दुपारचा तो एक तास जाणार की काय, एवढंच डोक्यात होतं.

चार दिवसांनी म्हातारा आला. पाइप धरून, पाय खाली करून, सावकाश उतरला. वर आला तेव्हा हातात पाल्याचा गोळा होता. मोटार सुरू झाली, उसाला पाणी सुटलं.

"मामा, तेवढा वरवंटा बी आणा की," मी म्हटलं.

"तुझा तू आण, सूनबाई. कानात बोळं कोंबून कोण बुडी मारतंय व्हय? अगं, पाण्याचा दाब बाहेरनं ढकलतोय, तर आतनं वारं नको व्हय त्याला?" त्यानं नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि हलकेच फुंकर मारल्यासारखं केलं. "असं. कानात टिक वाजतंय. हातभर खाली गेलं की एकदा. पुन्हा हातभर, पुन्हा एकदा."

"दुखायला लागलं की करायचं?"

"दुखायच्या आधी! दुखल्यावर काय उपेग? आणि जोर लावू नगंस. न्हाय सुटला कान, तर हातभर वर ये, आवंढा गिळ, मग बघ. तरी न्हाय सुटला तर घरला जा. सर्दी असंल तर घरातनंच निघू नगंस."

दोन हजार सालानंतर मळ्यातल्या पोरींना बुडी शिकवताना मी हेच सांगत आले, शब्द तेवढे जरा सभ्य.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी भोक बुजल्याचं सांगितलं. आणखी काही महिने थांबून, जपून पोहा म्हणाले. ते महिने सरल्यावर मी सराव सुरू केला. भाकरी तव्यावर टाकली की नाक धरायचं आणि हलकेच फुंकायचं. डावा कान टिकन वाजायचा, उजवा रुसलेला.

"भाकरी करपली न्हाय, मग नाक कशाला धरलीस?" सासूबाई विचारायच्या. वर्षभर त्या शेजारणीच्या वरवंट्यावर खरडा वाटून आणत होत्या आणि प्रत्येक खरड्याबरोबर मला ऐकवत होत्या. नदीतून एक गोटा आणून दिला, तर तो पाट्यावर नीट बसेना. त्याचंही ऐकवलं.

पुढच्या मे महिन्यात, सर्दी नाही हे चार वेळा बघून, मी विहिरीत उतरले. म्हातारा पायरीवर, दाव्याला बांधलेली बादली घेऊन. पाइप धरून पाय खाली सोडले. हातभर, टिक. हातभर, टिक. दीड परसावर उजवा कान अडला. जुनी मी असते तर रेटलं असतं. हातभर वर आले, आवंढा गिळला, पुन्हा नाक धरलं. टिक. मग तळाचा गाळ पायाला लागला, आणि त्यात अंगठ्याला वरवंटा. बादलीत ठेवला, दावं ओढलं आणि वर आले. कान शाबूत होते.

सासूबाईंनी वरवंटा धुतला, उलटासुलटा केला. "गुळगुळीत झालाय. पाथरवटाकडनं टाकी लावून आण."

उजव्या कानानं मला अजून जरा कमी ऐकू येतं. त्या दिवसापासून जेवायला बसताना मी तोच कान सासूबाईंच्या बाजूला ठेवायला लागले.