माझ्या गाडीवर ‘माजी सैनिक’

आई गेल्यावर आबांना थोडे दिवस म्हणून मी परदेशात, माझ्याकडे ॲडम्सटाउनला घेऊन आले. फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा माणूस. गावी त्यांच्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर लाल अक्षरांत ‘माजी सैनिक’ लिहिलेलं, त्यामुळे नाक्यावरचा पोलीसही रामराम घालायचा. इथे शेजाऱ्यांना ते फक्त ‘हिचे वडील’. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मला बघवेना.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी माझ्याच गाडीवर ती अक्षरं घालायचं ठरवलं. आबांनी मलाच झापलं. “गाडी तुजी. तू कवा गेलतीस बॉर्डरवर?” गावातली लग्नाळू पोरं फौजेतल्या मामाच्या जिवावर ‘आर्मी’ लिहून मिरवतात, त्यांच्यावर आबांचा जुना राग.

“तुम्ही बसता ना गाडीत? मग झालं तर,” म्हणत मी त्यांना नंबरप्लेटच्या दुकानात नेलंच. बापाचा हट्ट माझ्यातही पुरेपूर उतरलाय.

काउंटरवरच्या माणसाने माझं ऐकून घेतलं, आबांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही खरंच सैन्यात होतात? काही प्रूफ?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने उमेदीची वर्षं बर्फात काढली, त्याच्याकडे हा पुरावा मागतो! मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा ताठ उभे राहिले. ‘प्रूफ’ एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. स्वेटरच्या आत हात घालून त्यांनी शर्टाच्या खिशातलं माजी सैनिकाचं ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. घरात बसतानाही ते कार्ड त्यांच्या खिशात असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या माणसाने फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. कुठे होता, थंडी किती असायची, विचारत राहिला. आबा मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सांगत राहिले. शेवटी तो म्हणाला, “कार्ड ग्रँड आहे, पण इथे प्लेटवर नंबर आणि काउंटीचं नाव, बस. जास्तीचं काही लिहिलं तर गाडी तपासणीत नापास.”

गाडीत बसल्यावर मी धुसफुसले. “द्यायचंच नव्हतं, तर पुरावा कशाला मागायचा?”

आबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

“मागू दे की. तुजी आई गेल्यापास्नं समदी इचारत्यात, जेवलासा का, गोळी घेतली का. मी कोन, ह्ये आज पैल्यांदा कुनी इचारलं.”