कोरडा फोटो निघेना

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण लिहायची ही पहिलीच वेळ. खरं सांगते, वाचताना मी मनातल्या मनात म्हणायचे – ताप आला असेल, झोप झाली नसेल, असलं काहीतरी असणार. मी वाशीला, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला, शाळेत गणित शिकवते. देवपूजा करते, उपास करते, पण दृष्ट काढणं, अंगात येणं असल्या गोष्टींच्या वाटेला कधी गेले नाही. सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधतात, तर मी त्यांना नको म्हणत नाही, इतकंच. त्यामुळं हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

आमचं सासर तेरजवळ. गावात नाही, गावाच्या बाहेर शेतात वस्ती आहे. पुढं मोठं अंगण, बाजूला गोठा आणि घराच्या मागं चढावर शेततळं – म्हणजे एक मोठा चौकोनी खड्डा, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आणि वर पाणी, एका कोपऱ्यात मोटरीचा पाईप. त्या कागदावर शेवाळ धरलं की तो इतका निसरडा होतो की आत पडलेलं कुत्रंसुद्धा वर चढू शकत नाही. वस्तीवर सासू-सासरे असतात. मी आणि नवरा, बालाजी, नोकरीमुळं वाशीला राहतो. तो एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. दिवाळी मात्र आम्ही न चुकता वस्तीवरच करतो.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या शाळेच्या ग्रुपवर ते एआयच्या फोटोंचं वेड आलं होतं. आपला साधा फोटो टाकायचा, खाली लिहायचं – नऊवारी, नथ, हातात पणत्यांचं ताट – की तयार. आमच्या मुख्याध्यापिका बाई तर पेशवाईतल्या दिसत होत्या. मीही केला. मला सहा बोटं आली एका हाताला, ती नीट करून घेतली. मग सासूबाईंचा केला, अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा केला. अण्णांना फेटा आणि पिळदार मिशा आल्या. त्यांना तो इतका आवडला की पाहुण्यांना सगळ्यांना पाठवला.

मग बालाजीचा करायला घेतला. पाडव्याला स्टेटसला ठेवायचा होता. मी लिहिलं – मरून कुर्ता, अंगणात पणत्या, रांगोळी.

कुर्ता बरोबर आला. पणत्या, रांगोळी, सगळं बरोबर. पण बालाजी ओलाचिंब. केस कपाळाला चिकटलेले, कुर्ता अंगाला बसलेला, हनुवटीवरून पाणी ओघळतंय. आणि दोन्ही हात पुढं, कोपरात वाकवलेले – काहीतरी उचलून धरावं तसे. हातात मात्र काहीच नाही.

मला आधी हसू आलं. दिवाळी म्हटल्यावर ॲपनं अभ्यंगस्नान जोडलं असेल, असं वाटलं. मी लिहिलं, 'केस कोरडे, कपडे कोरडे.' परत ओला. फोटो बदलला, आमच्या लग्नातला टाकला. फेटा बांधलेला आला, पण फेटाही भिजून लोळागोळा झालेला. दिवाळी हा शब्दच काढला, नुसता कोट घालून ऑफिसात बसव म्हटलं. खुर्चीत बसलेला, कोटातून पाणी निथळतंय, आणि हात तसेच पुढं. मधेच अण्णांचा फोटो टाकून बघितला – ठणठणीत कोरडा. माझा – कोरडा.

दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या मनीषा मॅडमना म्हटलं, तुमच्या फोनवर करून बघा. त्यांचं ॲप वेगळं होतं. त्यांनी केला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"सरांना पोहायची आवड दिसतेय," त्या हसत म्हणाल्या.

मी हसले नाही. कारण त्याला खरंच पोहायची आवड आहे, आणि पाडव्याला मित्रांबरोबर धरणावर जायचं त्याचं आधीच ठरलेलं होतं.

वस्तीवर गेल्यावर मी त्याला सगळे फोटो दाखवले. तो गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होता. हाताला रंग, म्हणून मीच एकेक फोटो पुढं सरकवत होते.

"ह्यात काय बघायचं?" तो म्हणाला.

"तुम्ही भिजलेले आहात. सगळ्यांत."

"मग? रोज आंघोळ करतो म्या."

"पाडव्याला धरणावर जाऊ नका."

त्यानं ब्रश खाली ठेवला. "वर्षा, तू गणिताची बाई हायेस का देवऋषीण? ल्हानपणापासनं विहिरीत उड्या मारतोय म्या. एका फोटूपायी घरात बसू व्हय?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मलाही वर्गात कुणी असं काही बोललं असतं तर मी त्याला समजावूनच सांगितलं असतं. पण त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. करंज्या तळताना हात थांबायचा. तो आंघोळ करून आला, केस पुसत उभा राहिला, की मी दुसरीकडं बघायचे. कोरडा फोटो एकदा निघाला की मी गप्प बसेन, असं स्वतःशी म्हणायचे आणि परत करून बघायचे. कधी सदऱ्यात, कधी धोतरात... निघेना.

पाडव्याला सकाळी मित्रांची जीप रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागली. तो निघाला. मी दारात उभी राहिले.

"जाऊ नका," एवढंच म्हणाले. रडू यायला लागलं.

अण्णा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बायकू एवढं म्हणतीया तर ऱ्हा की घरी. धरान काय पळून चाललंय का?"

तो राहिला. पण दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दुपारनंतर मित्राचा फोन आला, तेव्हा मुद्दाम स्पीकर लावला. मागं हसण्याचा गलका, मासे तळायला घेतले होते म्हणे. फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऐकलं का? कुणीबी बुडलं न्हाय."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... राग राहू दे, अबोला राहू दे, माणूस समोर होता. संध्याकाळी मी रांगोळी काढली, अंगणभर पणत्या लावल्या. तो मी आणलेला मरून कुर्ता घालून पाटावर येऊन बसला, तोंड फुगवूनच. सासूबाई ताट घेऊन आल्या. मी निरांजन लावत होते.

तेवढ्यात घराच्या मागून कमलचा आवाज आला.

कमल म्हणजे आमच्या शेजारच्या रानातली. त्यांची मेंढरं-शेरडं आहेत. तिची मुलगी ईश्वरी पहिलीत जाते, दिवसभर आमच्या अंगणातच असते. कमल ओरडत होती ते आधी कळेना. मग कळलं – "पोरगी... तळ्यात..."

बालाजी पाटावरून कधी उठला ते मला दिसलंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो तळ्यात होता. शेरडाचं पिल्लू तुटक्या कुंपणातून आत शिरलं होतं, त्याच्यामागं ईश्वरी गेली होती. पिल्लू काठावर उभं राहून ओरडत होतं. ईश्वरी दिसत नव्हती. पाणी नुसतं काळं.

तो बुडी मारून वर आला. दोन्ही हात पाण्याच्या वर, पुढं, कोपरात वाकवलेले. हातात काही नव्हतं. केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरून पाणी.

"सापडंना," तो म्हणाला. दम लागला होता त्याला.

मी तो चेहरा इतक्या वेळा बघितला होता. आता हाताला धरून त्याला बाहेर काढावं, असं आतून वाटत होतं. शेवाळावरून तोही वर येऊ शकणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्याला मी दिवसभर कशापासून अडवून ठेवलं होतं, तेही माहीत होतं. शेजारी कमल मातीत बसून कपाळ बडवत होती.

"परत जा," मी ओरडले. "कोपऱ्यात बघा, त्या पाईपाजवळ. परत जा."

तो गेला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पाणी परत सपाट झालं. अण्णा पाडव्यासाठी बैलाला आणलेला नवा कासरा घेऊन धावत आले. गाठ मी मारली.

मग तो वर आला आणि ह्या वेळी त्याच्या हातात ईश्वरी होती.

कासरा टाकून आधी तिला ओढली, मग त्याला. त्याचे पाय कागदावरून परत परत घसरत होते, आम्ही तिघी आणि अण्णा मिळून ओढत होतो. त्यानं पोरीला पालथी घालून पाठ दाबली. पाणी आलं तोंडातून, मग खोकला. तिला तसंच उचलून तो अंगणातून रस्त्याकडं पळाला. पणत्या, रांगोळी, मरून कुर्ता – ते सगळं माझ्या फोनमध्ये होतं. फक्त फोनमधले हात रिकामे होते.

धाराशिवला दवाखान्यात नेली. फुप्फुसात पाणी गेलं होतं, काही दिवस ठेवून घेतली. आता चांगली आहे, शाळेत जाते. तळ्याला नवं कुंपण झालं.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मूळ फोटोत केसांना तेल असेल, ती चमक मशीनला पाणी वाटली असेल. असेल. पण लग्नातल्या फोटोत त्याचे केस फेट्याखाली होते. आणि हातांचं काय? सरांनी माझ्यासमोर त्याच फोटोंवर परत करून बघितला. कोरडा आला. तेव्हापासून कोरडाच येतो.

बालाजी त्या विषयावर बोलत नाही. एकदाच म्हणाला, "तू अडवलं नसतं तर म्या धरणावर असतो आन् पोरगी गेली असती. एवढंच खरं हाय." ते खरंच आहे. पण म्हणून मला बरं वाटत नाही. त्या फोटोंत पोरगी नव्हती. एकाही नाही. मी परत जा म्हणाले नसते, किंवा तो दमून थांबला असता, तर जे झालं असतं ते चित्र होतं का ते? की यंत्राची चूक, आणि बाकीचं मीच जोडतेय? गणितात असं करून चालत नाही, मुलांना मीच सांगते. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

आता संक्रांत आलीये. कमलनं अण्णांचा तो फेट्यातला फोटो बघितलाय. मागं फोनवर म्हणाली, "वैनी, आमच्या ईश्वरीचा बी एक करून द्या की. काळं परकर-पोलकं आन् हलव्याचे दागिने. लई गोड दिसंल."

मी हो म्हणाले. तिनं लगेच पोरीचा फोटो पाठवला. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तेव्हापासून दर रविवारी ती विचारते, झाला का वैनी. आणि मी दर वेळी सांगते – इकडं वाशीला नेट लई हळू चालतंय, कमल.