गाडी दारात आली आहे

लॉस एंजेलिसच्या बहुतेक स्टुडिओंचे रखवालदार युसेबिओ वरेलाला नावानिशी ओळखत. प्रेक्षकांपैकी मात्र कुणीच नाही. त्याचं काम एक्स्ट्राचं. आयुष्यभर तो वाढपी झाला, माळी झाला, आणि लढायांमध्ये तर इतक्यांदा मेला, की संध्याकाळी घरी आल्यावर त्याची बायको ऑफेलिया विचारायची, "आज जिवंत ठेवलं का रे तुला? मग राजमा गरम करते."

या धंद्याचा पहिला नियम म्हणजे आवाज काढायचा नाही. मागे मेजवानी रंगलेली दिसली, तरी एक्स्ट्रांनी नुसते ओठ हलवायचे. हसायचं तेही बिनआवाजी, नाहीतर पुढच्या नटांचं बोलणं बिघडतं. यात युसेबिओचा हात धरणारा कोणी नव्हता.

काम थांबवायचा विचार चालू असतानाच त्याला जुन्या हॉलिवूडवरच्या एका भव्य चित्रपटात घेतलं. संत्र्यांच्या बागेत प्लास्टरचे पिरॅमिड उभे केलेले, त्यांच्यामधून जिवंत शहामृग फिरताहेत. गोष्ट मूकपटातल्या एका नटीची होती. पण दिग्दर्शकाला रोज नवं काहीतरी सुचे आणि ती बिचारी बाजूलाच राही. एक दिवस त्याला सुचलं, मेजवानीतून नटीला न्यायला आलेल्या शोफरने काहीतरी बोलावं. शोफर होता युसेबिओ.

"काका, एकच वाक्य," सहायक दिग्दर्शिका टेस म्हणाली. "'गाडी दारात आली आहे, बाईसाहेब.' जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

त्याने लगेच घरी फोन केला. ऑफेलिया म्हणाली, "चारचौघांत बसून तुझा आवाज ऐकणार मी. मग या धंद्याबद्दल माझी काही तक्रार नाही." आणि गल्लीभर सांगून आली.

कॅमेरा सुरू झाला. युसेबिओने टोपी काढली, अदबीने वाकला आणि वाक्य म्हणाला. ध्वनिमुद्रकाने कानावरचं यंत्र काढून झटकून पाहिलं.

"काका," टेस हळूच म्हणाली, "आवाज?"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की ओठ तेवढे हलले होते. एकच हशा पिकला. नायिकेचं काम करणारी बाई हसू आवरत म्हणाली, "घरी बायकोला हाक मारता ना? तसं म्हणा."

दुसऱ्या वेळी त्याने असं काही खणखणीत म्हटलं, की शहामृगांनी माना वर केल्या. टेसने मोठ्याने पुकारलं, "युसेबिओ वरेला यांचं या चित्रपटातलं काम संपलं!" सगळं युनिट टाळ्या वाजवू लागलं. हा मान नटांचा. एक्स्ट्रा टाळ्या वाजवणाऱ्यांतले. युसेबिओला टोपी कुठे ठेवावी ते कळेना.

चित्रपट लागला त्या रविवारी दोघं दुपारच्या खेळाला गेली. पिरॅमिड झाले, स्टुडिओची आग झाली, मध्येच युद्ध आलं. माणसं उठून जाऊ लागली.

"या बाईचं लग्न झालं की राहिलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुठल्या बाईचं?"

"तुझं कधी येणार रे, म्हाताऱ्या?" ऑफेलिया कुजबुजली. "माझे पाय सुजले."

आणि शोफर आला. टोपी काढली, वाकला, ओठ हलले. वर नुसती व्हायोलिनं. त्यांनी पहिलाच, बिनआवाजी तुकडा घेतला होता.

ऑफेलियाने त्याच्याकडे पाहिलं. युसेबिओने मान खाली घातली. पण शेवटी नावं सरकू लागली, तशी ती त्याचा हात धरून बसून राहिली. शोफर, युसेबिओ वरेला. ते जाईपर्यंत ती उठली नाही.

बाहेर एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अर्धा कापायला हवा होता!"

"नको हो," युसेबिओ म्हणाला. "नीट कापला असता तर सगळ्यात आधी मी गेलो असतो. भरकटला, म्हणून मला जागा मिळाली. देव त्या दिग्दर्शकाचं भलं करो."

मग तो गाडी घेऊन आला. थिएटरच्या दारातच थांबवली, उतरला, मागचं दार उघडलं, टोपी काढली आणि सगळ्या गर्दीने वळून पाहावं अशा आवाजात म्हणाला, "गाडी दारात आली आहे, बाईसाहेब!"

ऑफेलियाने चारचौघांकडे एकदा बघून घेतलं आणि ऐटीत मागे जाऊन बसली.