टाकी लख्ख झाली तेव्हा

बोईसरच्या आमच्या शेजारच्या काकींनी घरात खाऱ्या पाण्याची छोटी काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात चिंचणीच्या खडकांतून आणलेली बिनशंखाची समुद्री गोगलगाय होती. ती शेवाळ खायची, म्हणून काकी आतली काच कधी पुसायच्या नाहीत. गप्पांच्या मध्येच थांबून तिला "जेव गो बाय" म्हणायच्या आणि मग आपलं वाक्य पुरं करायच्या.

एकदा टाकी लख्ख दिसली. मी कौतुक केलं.

"शेवाळ संपलंय. उपाशी हाय ती."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी त्यांच्याबरोबर चिंचणीला गेलो. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी तिला हिरव्या खडकावर अलगद ठेवलं.

"तिच्याशिवाय करमेल का काकी?"

"नाय करमणार," त्या म्हणाल्या, आणि ती खायला लागेपर्यंत तिथेच वाकून उभ्या राहिल्या.