गाऱ्हाण्याचा आवाज

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून मी रत्नागिरीत पोट भरते. सनई कुठे दाबायची आणि मंगलाष्टकं कुठे वर आणायची, हे आता हाताला बसलंय. स्क्रीनवर आवाजाची एक आडवी रेष असते. तिच्यावर हवे तिथे ठिपके द्यायचे, त्यांना कीफ्रेम म्हणतात. ठिपका वर ओढला की आवाज वाढतो, खाली ओढला की दबतो. एवढीच विद्या. नातेवाइकांना वाटतं मी फार मोठं काहीतरी करते, वाटू दे.

यंदा गावच्या शिमग्याचं शूटिंगही माझ्याच गळ्यात पडलं. पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे सध्या बाबांचा. गावाच्या वतीने ते देवाकडे एकेक गोष्ट मागतात आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेला गाव ‘होय म्हाराजा’ म्हणतो. मुंबईच्या मंडळींना हा व्हिडिओ ग्रुपवर लागतोच, नाहीतर फोनवर फोन.

दुपारी जेवून घरीच लॅपटॉप उघडला. गावाच्या होकारापुढे बाबांचा आवाज बारीक वाटला, म्हणून ठिपका देऊन वर ओढला. पुढच्या मागण्याला तो पुन्हा कमी, पुन्हा वर ओढला. रेष सपाट राहायचं नावच घेईना, घाटासारखी चढत गेली. आधी मी माइकला शिव्या घातल्या. पण माइक बाबांच्या सदऱ्यालाच लावलेला होता, आणि ते गाऱ्हाणं संपेपर्यंत जागचे हलले नव्हते. मग गेल्या वर्षीची फाइल उघडली. तीत त्यांच्या आवाजाला हातही लावावा लागला नव्हता.

गणपतीपासून त्यांचा घसा बसला होता. आई डॉक्टर डॉक्टर करून थकली. रत्नागिरी काही लांब नाही, आम्ही महामार्गावरच्या हातखंब्यापासून जरासे आत राहतो. पण बाबांनी एकदा नाही म्हटलं की विषय संपला. काढा घ्यायचे आणि त्यावर विडी ओढायचे.

तेवढ्यात ते मागे येऊन उभे राहिले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तयार झालेला व्हिडिओ लावायला सांगितला. शेवटपर्यंत खणखणीत आवाज. ते खूश झाले.

“बघ, कुठं बसलाय माझा आवाज? आणि तुझी आय म्हणते डॉक्टरकडं चला.”

मला भयंकर राग आला. मी चढवलेला आवाज ते स्वतःचा समजून बसले होते. मी सगळे ठिपके निवडले आणि डिलीट केले. म्हटलं, बाबा, आता खरा ऐका.

सुरुवातीची दोन मागणी नीट कळली. मग आवाज घसरत गेला. पावसाचं मागणं अर्धंच ऐकू आलं, आजारपणाचं तर नुसता श्वास. हात जोडून त्यांनी मान खाली केली की गाव समजायचा, मागणं संपलं, आणि जोरात होकार द्यायचा. बाबा खाली बसले. परत लाव म्हणाले. मी परत लावला.

“गावानं आयकलानी नाय काय,” ते हळूच म्हणाले. “तरी होय म्हटलानी.”

मी विचारलं, दुखतं का. गिळताना, म्हणाले. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ, असंही स्वतःहून बोलले. इतक्या सहज कबूल झाले, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ग्रुपवर काय टाकू, असं विचारलं तेव्हा ते दारापर्यंत पोचले होते.

“तू वाढवलेला टाक. आणि तो नीट ठेव, बाय. पुढच्या शिमग्याला लागंल.”

काहीतरीच बोलू नका, मी ओरडले. ते अंगणात गेल्यावर सगळे ठिपके पुन्हा दिले, आणि फाइल दोन ठिकाणी ठेवली.