मागच्या तासाचं पाणी

ओल्या रेनकोटचा रबरी वास आला, की मला महागावकडच्या धरणाच्या कार्यालयातली ती दुपार आठवते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि खुंटीवरचे रेनकोट फरशीवर ठिबकत होते. धरणावरचे काका मोजपट्टीवरची पातळी बघून दर तासाला फोन करायचे, मी ती कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये भरायची आणि एकूण साठा फॉर्म आपोआप काढायचा. तो आकडा पाहूनच साहेब नदीकाठच्या गावांना सावध करायचे. "एवढं पाणी येऊन राह्यलं, अन् साठा इतका कमी काहून दाखवते हे?" साहेबांनी विचारलं. मी आकडेमोडीचा क्रम उघडून पाहिला. फॉर्म साठा आधी मोजत होता आणि नवी पातळी नंतर घेत होता. म्हणजे पडद्यावर आम्ही मागच्या तासाचं पाणी बघत होतो. मी क्रम बदलला आणि आकडा एकदम उसळला. साहेबांच्या हातातला चहा हातातच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. "ताई, पट्टीच दिसून नाही राह्यली आता," काका म्हणाले, "काय लिहाल?" मी रकाना रिकामा सोडला आणि साहेबांना सांगितलं. साहेब एकेका गावाला फोन लावत सुटले आणि मी त्याच काठावरच्या माझ्या माहेरी लावला. रिंग नुसती वाजत राहिली. घरची माणसं टेकडीवर गेली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अजूनही पडद्यावर एखादा आकडा शांत बसलेला दिसला, की माझ्या कानात ती रिंग सुरू होते.