उगाली गार होण्याआधी
सौदीतल्या धाहरानच्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये केनियाची सहकारी डबा उघडते, तेव्हा शिजलेल्या मक्याच्या पिठाच्या, म्हणजे उगालीच्या, वासाने मला नैरोबीजवळचे ख्रिस्ती बालगृह आठवते. नर्सिंगची पदवी घेऊन मी तिथे काही महिने सेवेला होते. एका दुपारी जेवणाची प्रार्थना सांगणाऱ्या सिस्टर बाजारात अडकल्या. तापातून उठलेल्या एका चिमुरडीला गोळीआधी खायला हवे होते, पण प्रार्थनेशिवाय ती तोंड उघडेना. “मला तुमची प्रार्थना येत नाही गं.” “मग तुझी म्हण, आंटी. उगाली गार होतेय.” शाळेत खिचडीआधी म्हणायचो तो श्लोक मी हात जोडून म्हटला. ती ‘आमेन’ म्हणाली आणि घास घेत पुटपुटली, “उद्या छोटी म्हण.” इतकी शिकून गेले होते, पण कामी आले ते पहिलीतल्या बाईंनी पाठ करून घेतलेले. बाईंना हे अजून कळवायचे राहिले आहे.